बाटलीभर पाण्याची साक्ष

नदीकाठी उभे राहून पाहिले असता कायदा कोठेच दिसत नाही. दिसते ते केवळ पाणी. ते बिघडले आहे हे ओळखण्यास काठावरच्या शेतकऱ्याला कोणत्याही उपकरणाची गरज भासत नाही. पाण्याचा पालटलेला रंग, नाकाला झोंबणारा दर्प, उलटे होऊन तरंगणारे मासे आणि पाण्याला तोंड न लावता परत फिरणारी गुरे, एवढी लक्षणे त्याला पुरेशी असतात. परंतु त्याला जे ठाऊक असते, ते सरकारला ठाऊक आहे असे म्हणता येत नाही, आणि न्यायालयाला तर ते मुळीच ठाऊक नसते. नदीच्या वरच्या अंगास चार कारखाने असतील, तर दोष त्यांपैकी कोणाचा? पाणी आज बिघडले की महिन्यापूर्वी? किती बिघडले? आणि जेवढे बिघडले तेवढ्याची मुभा कायद्याने दिलेली होती की नव्हती?

या चार प्रश्नांची उत्तरे हाती आल्यावाचून राज्याचा हात पुढे सरत नाही. ती उत्तरे ज्या वस्तूत सामावलेली असतात, ती वस्तू अगदी साधी आहे: सांडपाण्याच्या नळाच्या तोंडाशी भरून घेतलेली, मोहोरबंद केलेली आणि सह्या असलेली पाण्याची बाटली. संसदेने केलेले मोठमोठे कायदे अखेर या बाटलीच्या गळ्याएवढ्या अरुंद वाटेने नदीपर्यंत पोचतात. ही वाट कोणी आखली, ती कशी आहे आणि कोठे खचते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पहिला निरीक्षक

कारखान्यांवर देखरेख ठेवणारा शास्त्रज्ञ अधिकारी ही कल्पना फार जुनी नाही. तिचा उगम एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये, सोडा तयार करण्याच्या धंद्यात सापडतो. काच, साबण व कापड या तिन्ही धंद्यांना सोडा हवा असे आणि तो लब्लांक पद्धतीने मिठापासून काढीत. या पद्धतीत मिठावर गंधकाम्लाची क्रिया करावी लागे आणि त्या क्रियेतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू प्रचंड प्रमाणात बाहेर पडे. तो चिमणीवाटे हवेत सोडून देत. परिणामी सेंट हेलन्ससारख्या गावांभोवतालची झाडे निष्पर्ण झाली आणि शेते करपली.

शेतमालकांना न्यायालयाची दारे खुली होती. पण तेथे अडचण उभी राहिली ती पुराव्याची. अनेक चिमण्या एकत्र धूर ओकत असता आपले शेत अमक्याच चिमणीने जाळले हे सिद्ध करावयाचे कसे? अखेरीस १८६३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने अल्कली कायदा केला. या वायूपैकी किमान ९५ टक्के भाग पाण्यात शोषून घेतला पाहिजे, असे बंधन त्याने कारखानदारांवर घातले. हे अशक्यप्राय नव्हते. कारण विल्यम गॉसेज याने १८३६ मध्येच असा शोषक मनोरा तयार करून दाखविला होता. कायद्याच्या अंमलबजावणीसाठी रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाची मुख्य निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. औद्योगिक शहरांतील पावसात आम्ल उतरते, हे ज्याने अभ्यासपूर्वक दाखविले तोच हा स्मिथ.

स्मिथच्या हाताखाली अवघे चार उपनिरीक्षक होते, पण त्याच्या हाती शेतकऱ्यापाशी नसलेली एक गोष्ट होती: मोजमाप. चिमणीतील ठरावीक आकारमानाचा वायू ओढून घ्यावयाचा, तो पाण्यातून न्यावयाचा आणि त्या पाण्यात किती आम्ल उतरले ते पाहावयाचे. जळालेल्या शेतापासून चिमणीपर्यंत माग काढण्याची गरज उरली नाही. परीक्षा थेट चिमणीचीच होऊ लागली. खटले भरण्यापेक्षा कारखानदाराला दोष दाखवून सुधारणा करवून घेण्याकडे स्मिथचा कल असे, आणि पुष्कळांनी ती केलीही.

तथापि या यशातच पुढील धडा दडलेला होता. कायद्याने टक्केवारी ठरविली होती, एकूण प्रमाण ठरविले नव्हते. कारखाने वाढले तसे उरलेले पाच टक्केही वाढत गेले. म्हणून १८७४ मध्ये कायदा सुधारून एक घनफूट वायूत एक पंचमांश ग्रेनपेक्षा अधिक आम्ल नसावे, अशी मर्यादा घातली गेली. याहून विलक्षण गोष्ट अशी की, हवेतून काढून घेतलेले आम्ल कित्येक ठिकाणी ओढ्यांत सोडले गेले. तेथे सोड्याच्या कारखान्यांतील गंधकयुक्त गाळाशी त्याचा संयोग होऊन कुजक्या अंड्यांसारखा दर्प असलेला विषारी वायू निर्माण होऊ लागला. कायदा जेथे मोजतो तेथे घाण कमी होते. आणि जेथे तो मोजीत नाही तेथे ती वाट काढते. पुढे झालेल्या सर्व कायद्यांना या अनुभवाची आठवण ठेवावी लागली आहे.

आपल्याकडील मंडळे

आपल्या देशात नद्यांच्या प्रदूषणासंबंधी स्वतंत्र कायदे प्रथम राज्यांनी केले. ओरिसाने १९५३ मध्ये असा कायदा केला. महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा केला आणि त्याखाली १९७० च्या सप्टेंबरात मंडळ स्थापन झाले. पाणी हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय असल्यामुळे संसदेला त्यावर आपण होऊन कायदा करता येत नव्हता. तेव्हा बारा राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केले आणि त्यांच्या आधाराने १९७४ चा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम अस्तित्वात आला. महाराष्ट्राने तो १९८१ मध्ये स्वीकारला.

या अधिनियमाने केंद्रात एक व प्रत्येक राज्यात एक अशी मंडळे निर्माण केली. केंद्रीय मंडळाने शासनास सल्ला द्यावा, राज्यांच्या कामात मेळ घालावा, मानके सुचवावीत. आणि प्रत्यक्ष कारखान्यांशी गाठ पडते ती राज्य मंडळाची. मंडळाच्या हाती पहिले साधन म्हणजे संमतिपत्र. सांडपाणी नदीत, विहिरीत, गटारात वा जमिनीवर सोडावयाचे असेल, तर आधी मंडळाची संमती घेतली पाहिजे. संमती देताना मंडळ अटी घालते: किती पाणी, कोणत्या प्रकारचे, कोठे व किती काळपर्यंत सोडता येईल. अर्ज आल्यापासून चार महिन्यांत मंडळाने निर्णय दिला नाही, तर संमती दिली असेच कायदा मानतो. मंडळाची दिरंगाई कारखानदाराला भोवू नये, असा या तरतुदीचा हेतू आहे. पण त्या दिरंगाईचे ओझे मग नदीच्या माथी येते, हेही तितकेच खरे.

तीन दिवसांची परीक्षा

संमतिपत्रातील अटी आकड्यांत असतात. नदी, तलाव अशा भूपृष्ठावरील गोड्या पाण्यात सोडावयाच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मानके आहेत. त्यांनुसार पाण्याचा सामू ५.५ ते ९ यांच्या दरम्यान असावा, तरंगते घन कण दर लिटरला १०० मिलिग्रॅमहून अधिक नसावेत आणि प्राणवायूची जैवरासायनिक मागणी दर लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत असावी. यांपैकी शेवटचा आकडा थोडा समजावून घेण्याजोगा आहे.

साखर, मद्यार्क, दूध, कागद अशा कारखान्यांच्या सांडपाण्यात सेंद्रिय पदार्थ असतात. पाण्यातील सूक्ष्म जीव ते खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. घाण जितकी अधिक, तितका प्राणवायूचा खप अधिक. आणि प्राणवायू संपला की मासे गुदमरतात. तेव्हा घाण किती आहे हे ओळखण्याची एक सरळ युक्ती अशी: नमुना बाटलीत बंद करून ठेवावयाचा आणि ठरावीक दिवसांत त्यातील किती प्राणवायू खर्ची पडला ते मोजावयाचे. इंग्लंडमधील सांडपाणी आयोगाने विसाव्या शतकाच्या आरंभी या परीक्षेसाठी पाच दिवसांची मुदत घेतली. तेथील नद्यांचे पाणी उगमापासून समुद्रापर्यंत जाण्यास साधारणपणे याहून अधिक वेळ घेत नाही, असे त्यामागचे गणित सांगतात. आपल्या उष्ण हवेत सूक्ष्म जीवांची क्रिया वेगाने होते; म्हणून आपल्याकडे ही परीक्षा २७ अंश सेल्सियसला तीन दिवस करतात.

आता हे लक्षात घेतले पाहिजे की, बाटलीतील सूक्ष्म जीव प्रयोगशाळेची वाट पाहत थांबत नाहीत. बाटली भरल्या क्षणापासून ते आपले काम करीत राहतात. उन्हाळ्याच्या दिवसांत नमुना बर्फात न ठेवता मोटारीच्या मागच्या भागात टाकला आणि प्रयोगशाळेत दुसऱ्या दिवशी पोचविला, तर घाणीचा काही भाग वाटेतच खाल्ला गेलेला असतो. आकडा मग खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणजे येथील निष्काळजीपणा तटस्थ नसतो. तो नेहमी एकाच पक्षाच्या पदरी पडतो. याच कारणास्तव नमुना चार अंश सेल्सियसच्या आसपास, अंधारात न्यावा लागतो. धातूंच्या परीक्षेसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालावे लागते, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतींना चिकटून बसतात. तेलाच्या परीक्षेसाठी काचेची बाटली लागते, कारण तेल प्लॅस्टिकला धरून राहते. एका कारखान्याच्या एका भेटीसाठी निरीक्षकाला अशा अनेक बाटल्या बरोबर घ्याव्या लागतात.

मोहोर आणि सही

विज्ञानाने सांगितलेली ही काळजी. आता कायद्याने सांगितलेली पाहू. १९७४ च्या अधिनियमाचे एकविसावे कलम नमुना कसा घ्यावा हे सविस्तर सांगते. निरीक्षकाने नमुन्याचे विश्लेषण करविण्याचा आपला हेतू कारखान्याच्या भोगवटादाराला किंवा त्याच्या प्रतिनिधीला तेथल्या तेथे लेखी नोटिशीने कळवावा. त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावेत. प्रत्येक भाग खूण केलेल्या, मोहोरबंद पात्रात भरून त्यावर दोघांनीही सह्या कराव्यात. एक पात्र मंडळाच्या किंवा मंडळाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेकडे ताबडतोब पाठवावे. आणि प्रतिनिधीने मागणी केल्यास दुसरे पात्र शासनाने नेमून दिलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवावे. दोन अहवालांत तफावत पडली, तर या दुसऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल प्रमाण मानावा. भोगवटादार मुद्दाम गैरहजर राहिला तर काय करावे, हेही कलमात सांगितलेले आहे. आणि या सर्वांवर कडी म्हणजे, ही रीत पाळली नसेल तर त्या विश्लेषणाचा निष्कर्ष कोणत्याही न्यायालयीन कामात पुरावा म्हणून घेतला जाणार नाही.

वाचकांच्या मनात येथे साहजिकच शंका येईल. नदी डोळ्यांसमोर मरत असता ही सह्या-मोहोरांची कवायत कशाला? या शंकेचे उत्तर १९८० च्या दशकात दिल्ली उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणातून मिळते. बाटलीबंद पेये तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना मंडळाने घेतला. तो शासनाने नेमून दिलेल्या प्रयोगशाळेत तपासावा, अशी मागणी कारखान्याच्या प्रतिनिधीने केली होती; परंतु नमुना तेथे पाठविला गेला नाही, आणि मंडळाचा आधार राहिला तो स्वतःच मान्य केलेल्या प्रयोगशाळेच्या अहवालाचा. न्यायालयाने हा अहवाल पुरावा म्हणून अग्राह्य ठरविला आणि त्याच्या आधारे निघालेला मनाई-हुकूम टिकला नाही. त्या पाण्यात काय होते, हा प्रश्न बाजूस राहिला. बाटली कोठे गेली, यावरच निकाल लागला.

हे वाचून कोणासही चीड येईल. पण नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या अहवालाच्या जोरावर एखाद्या माणसास कारागृहात धाडता येते किंवा शेकडो कामगारांचे पोट ज्यावर चालते तो कारखाना बंद करता येतो, तो अहवाल खोटा असू शकणार नाही अशी खात्री समाजाला हवी असते. बाटली वाटेत बदलली जाऊ नये, निरीक्षकाने वैराने वा लोभाने तीत काही मिसळू नये, यासाठीच मोहोर व दोन सह्या आहेत. ही रीत प्रामाणिक कारखानदाराचे रक्षण करते. आणि निरीक्षक दक्ष असेल तर नदीचेही करते. दोष रीतीत नसून ती अर्धवट पाळण्यात आहे. अर्धवट पाळलेली रीत ही अप्रामाणिक कारखानदाराची ढाल होते.

पुराव्यानंतर

अहवाल हाती आला म्हणजे काम संपले असे नव्हे. मूळ कायद्यात मंडळाला दंडाधिकाऱ्याकडे जाऊन मनाई-हुकूम मागावा लागे किंवा फौजदारी खटला भरावा लागे, आणि खटले वर्षानुवर्षे चालत. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ येथे विषारी वायूची दुर्घटना घडली आणि पर्यावरणाच्या कायद्यांची दुर्बलता सर्वांच्या प्रत्ययास आली. १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम झाला. १९८८ मध्ये जल अधिनियमात दुरुस्ती होऊन मंडळाला थेट आदेश देण्याचा अधिकार मिळाला. कारखाना बंद करणे, त्याची वीज किंवा पाणी तोडविणे या गोष्टी न्यायालयात न जाता करता येऊ लागल्या. त्याच दुरुस्तीने सामान्य नागरिकालाही एक दार उघडून दिले: मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन त्याला स्वतः न्यायालयात तक्रार दाखल करता येऊ लागली.

२०१० मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले. त्याचे एक पीठ पुण्यास आहे. दिवाणी प्रक्रियेचे व पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर बंधन या न्यायाधिकरणावर नाही. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळून ते आपली पद्धत ठरविते. त्यामुळे बाटलीचा गळा थोडा रुंद झाला. तरीही न्यायाधिकरण जेव्हा तज्ज्ञांची समिती एखाद्या गावी पाठविते, तेव्हा ती समिती तेथे जाऊन प्रथम जे काम करते ते नमुना घेण्याचेच असते.

शिक्षेच्या स्वरूपाविषयी मात्र मतभेद आहेत. जुन्या तरतुदीनुसार संमतीवाचून सांडपाणी सोडणाऱ्यास दीड ते सहा वर्षांचा कारावास होऊ शकत असे. २०२४ च्या दुरुस्तीने बहुतेक गुन्ह्यांच्या बाबतीत कारावासाऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड ठेवला आणि तो ठरविण्यासाठी निर्णय अधिकारी नेमण्याची सोय केली. आरंभी ही दुरुस्ती हिमाचल प्रदेश, राजस्थान व केंद्रशासित प्रदेश यांना लागू झाली. इतर राज्यांना ठराव करून ती स्वीकारता येते. खटल्याची शिक्षा कडक पण क्वचित, तर दंड सौम्य पण लवकर व्हावा, असा या बदलामागचा विचार. मोठ्या कारखान्याला पंधरा लाख म्हणजे धंद्यातील एक किरकोळ खर्च वाटेल, अशी विरोधकांची भीती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाच्या एका अंगावर प्रकाश टाकला. झालेली हानी भरून काढण्यासाठी मंडळे नुकसानभरपाई बसवू शकतात. ही भरपाई म्हणजे शिक्षा नव्हे, असे त्याने सांगितले. पण दंड असो वा भरपाई, ती किती, हे ठरविण्यास पुन्हा मोजमापच लागते.

हातांची संख्या

येथवर वर्णन केलेल्या यंत्रणेत एक गोष्ट गृहीत धरली आहे: बाटली भरणारा माणूस. तो नसेल तर बाकी सर्व व्यर्थ. अनेक राज्यांच्या मंडळांत तांत्रिक पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली आहेत. २०२५ मध्ये उत्तरेकडील काही राज्यांच्या मंडळांना ती मुदतीत भरावयास सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. पूर्वी मंडळांना पाण्याच्या वापरावरील उपकराचा वाटा मिळे. तो उपकर २०१७ मध्ये रद्द झाला. आज अनेक मंडळांच्या उत्पन्नाचा मोठा भाग संमतिपत्रांच्या शुल्कातून येतो, म्हणजे ज्यांच्यावर देखरेख ठेवावयाची त्यांच्याकडूनच.

यंत्र या उणिवेवर काही प्रमाणात उपाय ठरेल. २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने सतरा प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना सांडपाण्याचे व धुराचे सतत मोजमाप करणारी उपकरणे बसविण्यास सांगितले. ही उपकरणे आपले आकडे मंडळाकडे अहोरात्र पाठवितात. निरीक्षक दिवसा येतो आणि सांडपाणी रात्री सोडले जाते, ही जुनी तक्रार यामुळे पुष्कळशी दूर व्हावी. परंतु उपकरण कारखान्याच्याच आवारात, कारखान्याच्याच खर्चाने उभे असते. ते अचूक आहे की नाही, त्याची नळी खऱ्या प्रवाहात बुडविली आहे की शेजारच्या स्वच्छ पाण्याच्या भांड्यात, हे पाहण्यास पुन्हा कोणीतरी जावेच लागते. स्मिथच्या काळापासून हे सत्य बदललेले नाही.

नदीकाठचा तो शेतकरी या सर्व व्यवस्थेत कोठे बसतो? तो बाटली भरू शकत नाही. त्याने भरलेल्या बाटलीवर मोहोर नसते. पण पाणी केव्हा बिघडले हे सर्वांआधी त्यालाच कळते. त्याने तारीख, वेळ, ठिकाण व पाण्याचा रंग लिहून ठेवला, तक्रार लेखी दिली आणि तिची पोच घेतली, तर निरीक्षकाने कोणत्या नळाशी आणि कोणत्या प्रहरी बाटली भरावी हे त्या कागदावरून ठरते. संमतिपत्राच्या अटी व विश्लेषणाचे अहवाल त्याला २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येतात. बाटलीत काय सापडले हे जाणण्याचा हक्क ज्याच्या विहिरीत ते पाणी झिरपते त्याचा आहे.

कायदा कडक आहे की सौम्य, यावर आपण फार बोलतो. ती बाटली थंड राहिली की नाही, तिच्यावर सह्या झाल्या की नाही, आणि ती भरण्यास माणूस वेळेवर गेला की नाही, यावर फारसे बोलत नाही. नदीचे भवितव्य मात्र बव्हंशी या तीन लहान प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असते.